पंधरावं लागलं

गेलिक फुटबॉल म्हणजे काय, हे मला मराठी माणसांना नेहमी समजावून सांगावं लागतं, आणि सांगून झाल्यावर ते हमखास विचारतात, "मग हाताला लागला तर फाउल नाही?" नाही. चेंडू हातात धरायचा, धरून पळायचं, पळताना मधेच जमिनीवर आपटायचा नाहीतर पायाच्या बोटांवरून परत हातात उडवून घ्यायचा. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळीत गेला तर तीन. खेळ आयर्लंडचा. आयरिश माणसं पोट भरायला जिथे गेली तिथे तो घेऊन गेली, तशी इंग्लंडात लंडनजवळच्या मेडनहेडच्या आसपासही आली, आणि मोटरवेच्या कडेला एक मैदान घेऊन त्यांनी क्लब काढला. माझं बालपण त्या मैदानावर गेलं. वरून हीथ्रोला उतरणारी विमानं, पलीकडे लॉऱ्यांचा आवाज, आणि मधे आम्ही पोरी गुडघाभर चिखलात.

मी तिथे पोचले ती माझ्या मैत्रिणीमुळे. आमच्या दोन घरं पलीकडे राहणारी, आयरिश आजोबांची नात, वर्गात माझ्या शेजारी बसणारी. तिचे वडील शनिवारी व्हॅनमधून मुलींना सरावाला न्यायचे. व्हॅनमध्ये एक जागा रिकामी होती, म्हणून मी. आई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा म्हणाली, "हातानंही चालतं, पायानंही चालतं. मग यात चुकायचं काय?"

आई नागपूरची. बाबा पुण्याचे, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर कंपनीत. पुण्यात कॉलेजला असताना ते एका विद्यार्थी संघटनेत होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. इंग्लंडला येताना त्यांनी ती सगळी एका खोक्यात घालून आणली. "लोक लोणचं आणतात, यांनी निषेध आणला," असं आई पाहुण्यांना सांगायची. घरात मराठी मुलांची पुस्तकं फारशी नव्हती, त्यामुळे मला वाचायला शिकवलं ते त्या पत्रकांवर. फीवाढ, मेसचं जेवण, वसतिगृहातली पाण्याची टाकी. बाकीच्या मराठी मुलांना ससा आणि कासव माहीत होते, मला "बेमुदत" आणि "तडजोड" हे शब्द माहीत होते. अन्याय झाला की गप्प बसायचं नसतं, हे मला कुणी उपदेश म्हणून सांगितलं नाही. मी ते अक्षरं लावत लावत वाचलं.

ज्या मोसमाबद्दल लिहितेय तो चौदा वर्षांखालच्या मुलींच्या चॅम्पियनशिपचा. इथे वय एक जानेवारीला मोजतात. त्या दिवशी तुम्ही तेरा किंवा त्याहून लहान असलात की पूर्ण वर्षभर खेळता येतं, मग मधे चौदा पूर्ण झाली तरी हरकत नाही. मला फेब्रुवारीत चौदा पूर्ण झाली. माझ्या मैत्रिणीला जानेवारीच्या शेवटी. ती आमची कॅप्टन, आणि माझ्यापेक्षा मोठी. हे लक्षात ठेवावं, कारण नंतर कुणीच ठेवलं नाही.

आमच्या क्लबनं या वयोगटात कधी काही जिंकलेलं नव्हतं. त्या वर्षी मात्र आम्ही सुटलोच. मी मैदानाच्या मधे खेळायचे. आईच्या माहेरची उंची मला मिळालीय, सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू अलगद काढून घ्यायचं हेच माझं काम. एप्रिल-मेमध्ये गटातले सामने झाले, एक हरलो, बाकी जिंकलो, आणि सेमीफायनलला पोचलो. ती समोरच्या क्लबच्या मैदानावर होती. त्या दिवशी माझ्या हातातून एकही चेंडू सुटला नाही असं मी म्हटलं तर ती बढाई होईल, पण फारसे सुटले नाहीत. आम्ही दोन पॉइंटांनी जिंकलो.

आई साइडलाइनला छत्री घेऊन उभी होती. तिच्या शेजारी समोरच्या टीममधल्या एका मुलीची आई. सामना संपता संपता ती बाई आईला म्हणाली, "काय उंच आहे हो तुमची मुलगी! वय काय तिचं?"

आणि आई, मुलीचं कौतुक ऐकून फुललेली आई, म्हणाली, "थँक यू! शी इज रनिंग फिफ्टीन."

ज्याला मराठी येतं त्याला यात काही खटकणार नाही. चौदा पूर्ण झाली की पंधरावं लागतं. आईच्या घरी सगळ्यांची वयं अशीच सांगतात. पोरीला पंधरावं लागलं, बाळाला तिसरं लागलं, मामाला साठावं लागलं. पूर्ण झालेलं वर्ष मागे पडलं, चालू आहे ते खरं. आईनं पंधरावं लागलं हे वाक्य उचललं आणि इंग्रजीत ठेवलं. ती बाई हसली, "अच्छा, फिफ्टीन," असं म्हणाली आणि चालायला लागली.

दोन दिवसांनी आमच्या मॅनेजरांचा फोन आला. समोरच्या क्लबनं हरकत घेतली होती. जास्त वयाची मुलगी खेळवली, तिच्या आईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. हरकत खरी ठरली तर सेमीफायनल त्यांना जाणार आणि फायनल ते खेळणार. पुढच्या आठवड्यात गुरुवारी चॅम्पियनशिपच्या कमिटीपुढे सुनावणी, त्यानंतरच्या रविवारी फायनल.

फोन स्पीकरवर होता. आईनं ओट्याला टेकून ऐकलं. फोन ठेवल्यावर ती बाबांना म्हणाली, "अहो, मी काय चुकीचं बोलले?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "फक्त ते इंग्रजीत बोललीस."

मला तेव्हा हसू आलं होतं. मला वाटलं, एवढंच ना, जन्मतारीख दाखवली की संपलं. पण मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिनं जे विचारलं त्यानं माझं डोकं सरकलं. ती म्हणाली, "पण तुझीच का? मी तुझ्यापेक्षा मोठी आहे. माझ्या आईला का नाही विचारलं कुणी?"

खरंच, का नाही? त्या सेमीफायनलमध्ये समोरच्या टीमच्या गोलात एक मुलगी होती, तिचे खांदे आमच्या पीटीच्या सरांएवढे होते. तिचं वय कुणी विचारलं नव्हतं. तिच्या आईला तिच्या मुलीच्या उंचीबद्दल खुलासा द्यावा लागला नव्हता.

मी त्या रात्री जेवण झाल्यावर इंग्रजीत अर्धं पान लिहिलं. हरकत काय आहे, माझी जन्मतारीख काय आहे, आई काय म्हणाली आणि तिचा अर्थ काय, आणि शेवटी दोन मागण्या: वय तपासायचं असेल तर दोन्ही टीममधल्या सगळ्या मुलींचं तपासा, आणि माझ्या आईला खोटं ठरवल्याबद्दल माफी मागा. बाबांना दाखवलं. मला वाटलं, त्यांना अभिमान वाटेल.

त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तिसरं वाक्य लांब झालंय. आणि याच्या प्रती काढून वाटायच्या नाहीत."

"का?"

"आपला सिटिझनशिपचा अर्ज गेलाय, बाळा. निकाल यायचाय. या वेळी कुठेही नाव नको."

"हा फुटबॉलचा क्लब आहे, बाबा. होम ऑफिस नाही."

"तत्त्वतः तुझं बरोबर आहे," ते म्हणाले.

तत्त्वतः! हा शब्द मी त्यांच्याच पत्रकांत वाचला होता. कुलगुरूंनी मागणी तत्त्वतः मान्य केली म्हणून तिथे बाबांनी त्यांची अशी खरडपट्टी काढली होती की बस. मी ते बोलून दाखवलं. बाबा उठले आणि डिशवॉशर लावायला लागले.

मी शाळेच्या लायब्ररीत प्रती काढल्या. शनिवारी सराव चालू असताना पाणी प्यायचं निमित्त करून पार्किंगमध्ये गेले आणि प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एक एक कागद अडकवला. मैत्रीण पहारा देत होती. तिच्या वडिलांच्या व्हॅनलाही लावला. सुनावणी पुढच्या गुरुवारी होती, तोवर तो कागद क्लबातल्या प्रत्येक घरात पोचला.

आमच्या मॅनेजरांबद्दल मला एक सांगायला हवं. ते घरांची छपरं दुरुस्त करायचे आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी फुकट आम्हाला शिकवायचे. चांगला माणूस. वाईट असते तर मला इतका राग आला नसता. क्लबच्या वार्षिक जेवणाला ते दर वर्षी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगायचे. आजोबा बोटीतून उतरले, भाड्यानं खोली शोधत फिरले, आणि त्यांनी तोंड उघडलं की दार बंद व्हायचं, कारण त्यांचं बोलणं वेगळं होतं. सांगताना मॅनेजरांचा आवाज भरून यायचा. आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. मीसुद्धा वाजवायचे. मला वाटायचं, ही आमचीही गोष्ट आहे.

त्या कागदानंतर ते मला एवढंच म्हणाले, "प्रकरण वाढवायला नको होतंस."

सुनावणी क्लबहाउसच्या वरच्या खोलीत होती. खाली बारमध्ये कुणीतरी चिप्स तळत होतं, वास वर येत होता. टेबलामागे कमिटीचे तिघे, मधे अध्यक्ष. एका बाजूला समोरच्या क्लबचे सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला आमचे मॅनेजर, मी आणि आई. बाबा खाली गाडीत बसून राहिले होते. आईनं ऑफिसला घालते तो कोट घातला होता आणि केस घट्ट बांधले होते.

मी माझा पासपोर्ट पुढे ठेवला. भारतीय, निळा. आत जन्मस्थळाच्या रकान्यात इंग्लंडमधलं गाव लिहिलंय, आमच्या घरापासून बसनं जाता येतं असं. अध्यक्षांनी तो उघडला, जन्मतारीख बघितली, मिटला, आणि कव्हरकडे बघत आईला म्हणाले, "याच्याबरोबर मूळ दाखला आहे का? म्हणजे तिकडचा?"

"तिकडचा म्हणजे?" आई म्हणाली.

"तुमच्या देशातला."

आईनं पिशवीतून जन्मदाखला काढला. वर इंग्लंडची मोहोर. त्यांनी तो घेतला आणि म्हणाले, "अरे, हा तर इथलाच." जणू आम्ही त्यांची काहीतरी फसवणूक केली होती.

मग सेक्रेटरी म्हणाले, "तारीख ठीक आहे. पण आईनं पंधरा सांगितलं, हेही खरं आहे. आई खोटं कशाला सांगेल?"

आईला समजावून सांगायला सांगितलं. ती उभी राहिली. बसूनच बोला, असं म्हणाले तरी उभीच. तिनं तिच्या इंग्रजीत सांगितलं, की मूल जन्मलं की त्याचं पहिलं वर्ष सुरू होतं, ते पूर्ण झालं की दुसरं सुरू होतं, आणि आमच्याकडे जे सुरू असतं ते सांगतात.

"म्हणजे जन्मली तेव्हाच ती एक वर्षाची होती?" अध्यक्ष म्हणाले, आणि खोलीतली सगळी माणसं हसली. दुष्टपणानं हसली असं नाही. सामान्य, मजेचं हसणं. आमचे मॅनेजरही हसले. आईसुद्धा हसली, आणि "सॉरी" म्हणाली.

मला आजही त्या "सॉरी"चा संताप येतो. तिनं काय केलं होतं? गणित तिचं बरोबर होतं. व्याकरण बरोबर होतं. ती नागपूरच्या कुठल्याही ओसरीवर हे वाक्य बोलली असती तर समोरच्या बाईनं माझी जन्मतारीख महिन्यासकट सांगितली असती. एक माणूस एक भाषा बोलतो आणि दुसऱ्याला ती कळत नाही, तर माफी नेहमी एकाच बाजूनं का मागायची?

मी विचारलं, "सर, आत्ता कितवं शतक चालू आहे?"

"काय?"

"शतक. कितवं?"

"एकविसावं."

"पण वर्ष तर दोन हजारनं सुरू होतं. म्हणजे पूर्ण झालेली शतकं वीस. मग तुम्ही एकवीस का म्हणता?"

"ते वेगळं," ते म्हणाले.

"कसं वेगळं?"

मॅनेजरांनी टेबलाखालून माझ्या बुटाला बूट लावला. कमिटीतली तिसरी, इतका वेळ गप्प बसलेली बाई म्हणाली, "काही वेगळं नाही. पोरगी बरोबर बोलतेय." आणि तिनं कागद गोळा करायला सुरुवात केली.

हरकत फेटाळली. सेमीफायनलचा निकाल कायम. मी घरी येताना गाडीत गाणी म्हणत होते. आई मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "आता मी साइडलाइनला कुणाशी बोलणार नाही बाई. आपलं चुपचाप उभं राहायचं."

रविवारी फायनलला ती खरंच एका टोकाला, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभी राहिली. बाबा तिच्याबरोबर होते. आम्ही बूट बांधत होतो तेव्हा मॅनेजरांनी टीम वाचून दाखवली. माझं नाव नव्हतं. मला वाटलं, त्यांच्याकडून राहिलं.

"तू सबमध्ये आहेस, राखीव," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन, खाली बसून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हे तुझ्यासाठीच करतोय. ते कागद वाटलेस ना, त्यानं लोक चिडलेत. आज सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर असतील. कुणी काही बोललं तर तुला त्रास नको."

"कुणी काही बोललं तर त्याला बाहेर काढा," मी म्हणाले. "मला का?"

"आपण शहाणपणानं घेऊ या, हं?"

मैत्रीण त्यांना म्हणाली, "मी हिच्याहून मोठी आहे. मलाही बसवा." त्यांनी तिला मैदानात पिटाळलं.

मी बसले. पूर्ण पहिला भाग बसले. ज्या कमिटीनं मला जास्त वयाची म्हणून बोलावलं होतं तिनंही मला खेळायला मोकळं सोडलं होतं, आणि माझ्याच क्लबनं मला बाकावर बसवलं होतं. मधल्या जागी त्यांनी एक छोटीशी मुलगी उभी केली होती. चेंडू तिच्या डोक्यावरून जात होता आणि ती बिचारी दर वेळी उडी मारून माझ्याकडे बघत होती. आम्ही मागे पडलो. माझे पाय गार पडले होते. मी ठरवलं होतं की रडायचं नाही, आणि ते मला जमत नव्हतं.

मध्यंतर झालं. मॅनेजर मुलींना गोल करून काही समजावत होते. तेवढ्यात मला आई दिसली. कोपऱ्यातून निघाली होती, पूर्ण साइडलाइन कापत येत होती. दोन्ही क्लबांची माणसं दोरीला टेकून चहा पीत होती, त्यांच्यासमोरून. बाबा मागून "अगं, थांब" म्हणत येत होते आणि मग येता येता ते "थांब" म्हणायचे थांबले.

ती दोरीखालून वाकून आत आली. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, इथे पालकांना—"

"व्हाय शी इज सिटिंग?" आई म्हणाली.

"आपण नंतर बोलू या."

"नो. पासपोर्ट यू सॉ. सर्टिफिकेट यू सॉ. चौदा आहे ती. फोर्टीन. तर मग काहून बसवलं पोरीला?" रागावली की आईचं इंग्रजी संपतं आणि थेट नागपूर सुरू होतं. "आँ? माझं बोलणं नाही समजलं तर मला विचारायचं ना. तिला कायची शिक्षा? कायची?"

पूर्ण साइडलाइन आमच्याकडे वळली. तिचं निम्मं बोलणं एकालाही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. मॅनेजरांचा चेहरा लाल झाला. ते काही म्हणणार एवढ्यात ती छोटी मुलगी, माझ्या जागी खेळणारी, तिनं जर्सीवर चढवलेला, मधल्या खेळाडूचा रंगीत बिब काढून माझ्या हातात दिला. "प्लीज, तू जा," ती म्हणाली. "मला नाही पोचत."

मी गेले. ही जिंकल्याची गोष्ट नाही. फायनल आम्ही हरलो, तीन पॉइंटांनी. मी दोन मारले आणि एक अगदी सोपा बाहेर घालवला. पहिला भाग हातात असता तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, आणि ते मला कधीच कळू दिलं गेलं नाही, यावर माझा राग आहे. पण चेंडू वर गेला की मी त्याच्या खाली होते, आणि कोपऱ्यातून नाही, मधल्या रेषेपासून आईचा आवाज येत होता, "घे! घे! सोडू नको!"

सामन्यानंतर सगळे हात मिळवत होते. मॅनेजर माझ्यापाशी आले. खरंच वाईट वाटत असावं त्यांना. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मनात काही ठेवू नकोस हं."

"ठेवणार आहे," मी म्हणाले.

त्यांनी आईकडे बघितलं, मोठी माणसं एकमेकांकडे बघतात तसं, की हिला जरा समजवा. आई माझी किटबॅग उचलत होती. तिनं मला काही समजावलं नाही.